घाट उतरताना हायब्रिड गाडीचा 'बी' मोड: कोकणात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, गाडीत एक गोष्ट हमखास घडते. सुरुवातीचे काही किलोमीटर इंजिन बंद असतं, गाडी आवाज न करता उतरत असते आणि मीटरवर बॅटरीच्या पट्ट्या एकेक करून भरत जातात. मग शेवटची पट्टी भरते आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाही इंजिन मोठ्याने घोंघावायला लागतं. नवा चालक इथे बिचकतो. कुणी गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो, कुणी ब्रेकवर पाय ठेवून बसतो. दोन्ही चूक, आणि घाटात पहिली चूक दुसरीपेक्षा जास्त महागात पडते.

गाडी बिघडलेली नसते. बॅटरीत वीज साठवायला जागा उरली नाही, म्हणून गाडीने स्वतःच इंजिनाच्या आधाराने वेग रोखायला सुरुवात केलेली असते. लिव्हरवर 'डी'च्या खाली असलेला 'बी' हेच काम तुमच्या हुकमाने आणि वेळेआधी करून देतो. सह्याद्रीचा लांब घाट उतरताना तो वापरायचाच. बाकी जवळपास कुठेही त्याची गरज नसते.

आधी आपली गाडी ओळखा

'हायब्रिड' लिहिलेल्या सगळ्या गाड्यांत 'बी' नसतो. मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांचे स्ट्राँग हायब्रिड प्रकार, होंडा सिटी ई-एचईव्ही, या गाड्या विजेच्या मोटरवर स्वतंत्रपणे चालू शकतात. त्यांच्या लिव्हरवर पी, आर, एन, डी आणि शेवटी बी असा क्रम दिसतो. काही मोठ्या हायब्रिड गाड्यांत 'बी'ऐवजी 'एस' आणि सोबत अधिक-उणेच्या खुणा असतात. तिथे उणेकडे जाल तसा रोध वाढतो. सिटीमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलनेही पाय उचलल्यावरचा रोध कमी-जास्त करता येतो.

अर्टिगा, ब्रेझा यांसारख्या 'स्मार्ट हायब्रिड' गाड्या यात धरू नका. त्यांची मोटर इंजिनाला थोडा हात देते, बस. त्या मॅन्युअल असतील तर घाटातला जुना नियम लागू: ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे बहुतेक ठिकाणी दुसरा, मोकळ्या उतारावर तिसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा 'एल' (खालचा गिअर) घ्या. ब्रेक, पाऊस आणि वळणं यांबद्दल पुढे जे लिहिलं आहे, ते या गाड्यांनाही तसंच लागू आहे.

बॅटरी इतक्या लवकर का भरते

चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १६०० किलो समजा. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे. घाट संपेपर्यंत गाडी ६५० मीटर खाली आली असं धरलं, तर वजन, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांच्या गुणाकाराने सुमारे २.८ युनिट ऊर्जा मोकळी होते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच युनिट. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा यांत पाऊण युनिटच्या आसपास जातं. उरलेली दोन युनिट कुठेतरी जिरवावीच लागतात.

आता ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांची बॅटरी पाहा: ०.७६ युनिट. त्यातही बॅटरी टिकावी म्हणून गाडी तिला पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि पूर्ण भरूही देत नाही. वापरात येतो तो साधारण निम्मा भाग. शिवाय आजरा किंवा बेळगावकडून येताना घाटमाथ्यावर पोचेपर्यंत ती अर्धी भरलेली असतेच. म्हणून घाट अर्धाही उतरून होत नाही तोवर बॅटरी 'पुरे' म्हणते. त्यानंतरची सगळी ऊर्जा एक तर ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जाणार, नाहीतर इंजिनात. डिस्क आणि पॅडना तेवढी उष्णता सोसवत नाही, इंजिनाला सोसवते.

टोयोटाच्या पद्धतीत 'बी' घातला की मोठी मोटर चाकांकडून वीज तयार करते आणि त्यातली काही वीज दुसऱ्या, लहान मोटरला जाते. ती मोटर पेट्रोल न देता इंजिन फिरवत ठेवते. सिलिंडरमधली हवा खेचण्यात आणि दाबण्यात शक्ती खर्च होते, तोच रोध. पेट्रोल जळत नाही आणि इंजिनाला इजाही होत नाही, त्यामुळे आवाज कितीही चढला तरी तो सोसायला हरकत नाही. होंडाच्या पद्धतीत 'बी'मुळे पाय उचलताच चार्जिंगचा रोध वाढतो आणि बॅटरी भरली की जादा वीज इंजिन फिरवण्यात खर्च केली जाते. चालकाला जाणवणारा परिणाम दोन्हींत सारखाच.

यातून एक पक्का गैरसमज सुटायला हवा. 'बी' हा बॅटरी जास्त भरण्याचा मोड नाही. टोयोटाच्या गाड्यांत तर तो उलट काही वीज मुद्दाम इंजिनात खर्ची घालतो. रत्नागिरी किंवा चिपळूणच्या बाजारात मायलेज वाढेल म्हणून 'बी'त गाडी चालवणाऱ्यांना मायलेज कमीच मिळतं, आणि मागे बसलेल्यांना हिसके बसतात ते वेगळेच.

सड्यावरचा उतार आणि सह्याद्रीचा घाट

कोकणात उतार दोन जातींचे आहेत. पहिला सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, खाडीला किंवा समुद्राला उतरणारा: पावस, गणपतीपुळे, जयगड, गुहागर, हर्णै, आंजर्ले या बाजूचे रस्ते. उंची शंभर-दीडशे मीटर, अंतर दोन-तीन किलोमीटर. दीडशे मीटरच्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा पाऊण युनिटलाही पोचत नाही. घर्षणात जाणारी वजा केली, तर बॅटरी त्यातली बरीचशी आनंदाने घेते. इथे 'डी'च ठेवा आणि ब्रेक हलका, लवकर दाबा. हलका ब्रेक म्हणजे हायब्रिडमध्ये बहुतांशी चार्जिंगच असतं. उतार फारच खडा असेल, किंवा वरच बॅटरी भरलेली दिसली, तरच 'बी'.

दुसरी जात म्हणजे आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा, अणुस्कुरा, आंबा, कुंभार्ली, वरंधा, ताम्हिणी. इथे 'बी' हवाच. याच जातीतला, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी सगळ्यात कसोटीचा: बाराशे मीटरहून जास्त उतार, अरुंद रस्ता आणि एकामागून एक नागमोडी वळणं. आंबोलीसाठी केलेलं गणित इथे जवळजवळ दुप्पट होतं. परशुराम घाटासारखे महामार्गावरचे मधले उतार मात्र 'डी'मध्येही नीट उतरतात.

सराव सपाट रस्त्यावर करा

'बी' पहिल्यांदा घाटात वापरून पाहू नये. मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर मागे कुणी नाही असं बघून ताशी ४० किलोमीटरने जा. ॲक्सिलरेटरवरून पाय उचला आणि लिव्हर 'डी'तून 'बी'त ओढा. ब्रेक दाबावा लागत नाही, थांबावंही लागत नाही. मीटरवर 'बी' आलं का ते बघा. नुसत्या हाताच्या अंदाजावर विसंबू नका. गाडी किती रोखली जाते ते अंगाला कळू द्या, मग लिव्हर पुढे ढकलून 'डी'त परत या. असं पाच-सहा वेळा केलं की नजर रस्त्यावर ठेवूनच हात चालतो.

याच सरावात आणखी एक गोष्ट लक्षात येईल. वेग कमी होत गेला तसा 'बी'चा जोरही ओसरतो, आणि अगदी हळू वेगात तो जवळपास जाणवतच नाही. 'बी' गाडी थांबवत नाही, वेग वाढू देत नाही एवढंच. थांबायला पायातला ब्रेकच लागतो.

घाटमाथ्यावर

टायरची हवा थंड टायरवर, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे. गाडी भरलेली असेल तर त्याच पट्टीवरचा भरलेल्या गाडीचा आकडा बघा. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे, पण कोकणच्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर घाटात नेऊ नये.

बॅटरीला थंड हवा पुरवणारी जाळी गाडीप्रमाणे मागच्या सीटजवळ किंवा डिकीच्या बाजूला असते. गणपतीला गावी जाताना गाडी काठोकाठ भरली की पहिली तीच बुजते. बॅटरी तापली की ती चार्ज घेणं कमी करते, म्हणजे उतारावर तुमचा एक रोध तिथेच गेला. पिशव्या बाजूला करा आणि सर्व्हिसिंगच्या वेळी जाळी साफ करून घ्या.

एसी चालू ठेवा. या गाड्यांचा एसी विजेवर चालतो आणि किलोवॉट-दीड किलोवॉट सहज खातो. वीस-पंचवीस मिनिटांच्या उतारात तो बॅटरीत बऱ्यापैकी जागा मोकळी करतो. पावसाळ्यात काचेवरची वाफही त्यानेच जाते.

क्रूझ कंट्रोल बंद. मीटरवर 'रेडी' दिवा लागलेला आहे याची खात्री करा. इंजिन बंद असलं तरी 'रेडी' असेपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंगला पूर्ण मदत मिळत असते.

उतरताना, क्रमाने

१. पहिल्या उतरत्या वळणाच्या आधी, रस्ता अजून सरळ असताना, पायाच्या ब्रेकने वेग ३० ते ४० वर आणा. मगच 'बी'. वेग वाढल्यावर 'बी' घालून गाडी आवरण्याचा प्रयत्न करू नका. 'बी' वेग टिकवून धरतो, चढलेला वेग झटकन उतरवत नाही.

२. पाय ब्रेकजवळ ठेवा, ब्रेकवर नव्हे. पेडलवर सतत विसावलेला पाय हेच घाटात ब्रेक तापण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

३. वेग ठरवलेल्या आकड्यापेक्षा पाच-दहाने वर गेला की ब्रेक ठामपणे दाबा, वेग ठरलेल्या आकड्याच्या पाचेक किलोमीटर खाली आणा आणि पाय पूर्ण उचला. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो आणि ती निवते. हलका पण अखंड दाब दिला तर ती निवत नाही.

४. वळणाआधी, चाकं सरळ असतानाच वेग कमी करा. वळणाच्या पोटात ब्रेक नको आणि तिथे 'डी'तून 'बी'त बदलही नको. आंधळ्या वळणावर हॉर्न, रात्री डिपर.

५. दोन गाड्या मावत नसतील तिथे चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ चाही हाच दंडक आहे. चिरा (जांभा दगड) भरलेला ट्रक किंवा एसटी चढावर एकदा थांबली की पुन्हा हलवणं अवघड असतं. तुम्हाला मात्र थांबून परत निघायला काहीच लागत नाही.

६. मागच्या गाडीचा विचार करा. 'बी'मुळे गाडी मंदावते तेव्हा मागचे लाल दिवे लागतीलच असं धरून चालू नका. ते ब्रेक पेडलने लागतात. मागे डंपर किंवा बस चिकटून येत असेल तर मधूनमधून पेडलला नुसता स्पर्श करून दिवे दाखवा आणि मोकळी जागा दिसताच तिला पुढे जाऊ द्या.

७. बॅटरी भरली, इंजिनाचा आवाज चढला, तरी लिव्हरला हात लावू नका. हा आवाज म्हणजे तुमचे ब्रेक वाचत असल्याची खूण आहे.

८. घाट संपून रस्ता सपाट झाला की 'डी'त या. दाणोलीपर्यंत उतरून पुढे सावंतवाडीपर्यंत 'बी'तच जाणारे पुष्कळ आहेत. धोका नाही, पण पेट्रोल फुकट जातं.

न्यूट्रल कधीही नाही. 'एन'मध्ये मोटरचा रोध नाही, इंजिनाचा नाही, चार्जिंगही नाही. दीड टनाची गाडी फक्त पॅडच्या भरवशावर सुटते. उतारावर 'एन' टाकून पेट्रोल वाचवण्याची सवय जुन्या गाड्यांतून आलेली आहे. हायब्रिडमध्ये उतारावर पेट्रोल तसंही जळत नाही, त्यामुळे वाचतही काही नाही.

पावसात

जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये झाडीखालच्या वळणांवर शेवाळ धरतं, डोंगरातून तांबडी माती आणि पाला वाहून येतो. वर सांगितलेल्या गाड्यांच्या बहुतेक प्रकारांत मोटर पुढची चाकं फिरवते. म्हणजे 'बी'चा रोधही फक्त पुढच्या दोन चाकांवर येतो, तर पायाचा ब्रेक चारही चाकांवर विभागला जातो. बुळबुळीत वळणावर एकदम 'बी' घातला तर पुढची चाकं पकड सोडून गाडी बाहेरच्या अंगाला सरकू शकते. म्हणून पावसात 'बी' घाटाच्या सुरुवातीलाच, कमी वेगात आणि सरळ रस्त्यावर घाला, आणि वेग कोरड्या दिवसापेक्षा दहाने कमी ठेवा. मधेच आत-बाहेर करू नका.

खड्ड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवखे चालक इथेच दचकतात. हलका ब्रेक दाबलेला असताना चाक खड्ड्यात किंवा ओल्या पट्ट्यावर घसरलं, की गाडी चार्जिंगचा रोध क्षणभर सोडून देते आणि काम पॅडवाल्या ब्रेककडे देते. त्या क्षणी गाडी पुढे सुटल्यासारखी वाटते. ब्रेक गेलेला नसतो. पेडल आणखी ठाम दाबा, गाडी लगेच आवरते. खड्डा दिसत असेल तर त्याच्या आधीच वेग कमी करून, खड्ड्यात ब्रेक सोडून जाणं सगळ्यात चांगलं.

धुक्यात लो-बीम आणि फॉग लॅम्प. चारही इंडिकेटर लावून चालू नका. मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळताय ते कळत नाही.

पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी आंबोलीच्या धबधब्यापाशी गाड्या आणि माणसं रस्ता भरून उभी असतात. अशा कोंडीत 'बी'चा काही उपयोग नाही. पूर्ण थांबा, ऑटो होल्ड किंवा हँडब्रेक लावा, आणि पुढे गाडीभर अंतर मोकळं झालं की मगच हला. इंचाइंचाने ब्रेक सोडत-धरत गेलात तर खालच्या वळणांना पोचेपर्यंत पॅड तापलेले असतात.

वास आला, पेडल मऊ झालं तर

जळकट, तिखट वास आला, किंवा तेवढ्याच वेगासाठी पेडल जास्त दाबावं लागलं, तर ब्रेक तापले आहेत. डोंगराच्या बाजूला, वळणापासून दूर, दरड कोसळण्याची जागा टाळून थांबा. 'पी'त ठेवा आणि चाकांना उताराकडून दगड लावा. अर्धा तास जाऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क एकदम गार केली की वाकते, आणि मग ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं.

पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक फ्लुइड उकळल्याची शक्यता असते. डॉट ३ प्रतीचं फ्लुइड नवं असताना २०५ अंशांना उकळतं, आणि हवेतला ओलावा शोषून जुनं झालं की हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. किनारपट्टीच्या दमट हवेत फ्लुइड ओलावा लवकर धरतं. म्हणून ते दोन वर्षांनी बदलणं पुढे ढकलू नका, गाडी कमी चालली असली तरीही. डॉट ३ की ४, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. तेच घाला.

चालत्या गाडीत ब्रेक खरोखरच धरत नसतील तर 'बी' ठेवा, पेडल पूर्ण जोराने दाबून धरा, इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर त्याचं बटण ओढून तसंच धरा. हाताचा असेल तर बटण दाबलेलं ठेवून थोडा थोडा ओढा. हॉर्न आणि चारही इंडिकेटर. पॉवर बटण दाबून गाडी बंद करू नका, 'बी'चा रोध आणि स्टिअरिंगची मदत दोन्ही जातील. काहीच उरलं नाही तर दरीकडे नव्हे, डोंगराकडच्या गटाराच्या कडेला चाकं घासत गाडी थांबवा.

किनाऱ्यावर राहणाऱ्या हायब्रिडचा गंज

रोजच्या चालवण्यात हायब्रिडचे पॅड फार कमी वापरले जातात. पॅड दीर्घकाळ टिकतात खरे, पण मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरीसारख्या ठिकाणी खारी हवा त्या रिकाम्या डिस्कवर गंज चढवते. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनाही त्याच कारणाने अडकतात, आणि मग घाटात एका बाजूचा ब्रेक आधी लागून गाडी ओढते. आठवड्यातून एकदा रिकाम्या कोरड्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ५० वरून १० पर्यंत चार-पाच वेळा ठाम ब्रेक मारा. जोराने दाबल्यावर पॅड काम करतात आणि वरचा गंज खरवडून निघतो. पावसात दोन-चार दिवस उभी असलेली गाडी काढल्यावर पहिल्या किलोमीटरला कर्कर आवाज येतो तो याचाच, आणि तो दोन-तीन ब्रेकनंतर जायला हवा. गेला नाही, किंवा डिस्कच्या कडेला बोटाला लागेल असा काठ तयार झाला असेल, तर घाट उतरण्याआधी चाकं काढून कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना ब्रेकचं ग्रीस लावून घ्या. हे काम वर्षातून एकदा, मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी करवून घेतलेलं चांगलं.